रुमी मस्तकी येते कुठून? (खिओस बेटाबद्दल, जरा लांबलचक)

मेतकूट_भात

आजीच्या औषधाच्या डब्यात वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, बाळहिरडा यांच्या जोडीला एक कागदाची पुडी असायची, त्यात साबुदाण्यापेक्षा थोडे मोठे, पिवळट, काचेसारखे खडे. काय गं हे विचारलं की म्हणायची रुमी मस्तकी आहे, महाग आहे, हात लावू नका. कुणाचं पोट बिघडलं की चिमूटभर पूड मधातून चाटवायची. रुमी म्हणजे काय हे बहुतेक तिलाही माहीत नव्हतं, मला आपलं वाटायचं कुणी रुमीबाईंनी शोधून काढली असेल.

तर गेल्या सप्टेंबरात आम्ही तुर्कस्तानात इझमीरला होतो (नवऱ्याचं काम, माझं फुकट फिरणं). तिथून चेश्मे नावाच्या किनाऱ्यावरच्या गावाला गेलो, धक्क्यावर उभं राहिलं की समोर डोंगराची रांग दिसते, ती म्हणे ग्रीसमध्ये. सगळ्यात चिंचोळ्या जागी मधलं पाणी जेमतेम सात किलोमीटर. शेंगेन व्हिसा होताच, बसलो बोटीत, चहा थंड व्हायच्या आत पलीकडे पोचलो म्हटलं तरी चालेल. ते बेट म्हणजे खिओस. तुर्की लोक त्याला साकीझ म्हणतात आणि साकीझ म्हणजे चघळायचा डिंक! बंदराजवळच्या पहिल्याच दुकानात बरणीत तेच खडे. आजीचे. मी तिथेच उभी राहून एक तोंडात टाकला, आधी कडवट लागतं, मग दातांखाली मऊ होतं आणि देवदाराच्या लाकडासारखा वास नाकात चढतो, आणि मला एकदम आमचं माजघर आठवलं.

तर गुपित असं की रुम म्हणजे रोम, पण इटलीतलं नव्हे, पूर्वेकडचं, कॉन्स्टँटिनोपलचं. अरबी-फारसी लोक त्या मुलखाला रूम म्हणायचे, त्यामुळे तिकडून येणारी मस्तकी ती रुमी मस्तकी. युनानी हकिमांकडे जवारिश मस्तगी म्हणून पोटाचं औषध अजून मिळतं. आणि युनानी हा शब्दसुद्धा आयोनियावरून (इझमीरच्या आसपासचा जुना ग्रीक मुलूख) आलेला, आपला यवनही तिथलाच, आणि खिओस हे आयोनियाच्या बारा नगरांपैकी एक. म्हणजे पुडीवर पत्ता लिहिलेलाच होता, वाचता येत नव्हता एवढंच.

झाड अगदी किरकोळ दिसतं. पिस्त्याच्या जातकुळीतलं झुडूप, माणसाच्या उंचीपेक्षा थोडं वर जाणारं, वेडंवाकडं. भूमध्य समुद्राभोवती त्याचे भाऊबंद सगळीकडे आहेत, पण विकण्याजोगी मस्तकी देणारी लागवड फक्त या बेटाच्या दक्षिणेकडच्या वीस-बावीस गावांत. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून, चोपून सपाट करतात, त्यावर पांढऱ्या मातीची चाळलेली भुकटी पसरतात, अगदी रांगोळी घालायच्या आधी करतात तसं. मग खोडाला बारीक बारीक चिरा. या टोचण्याला ते केंदिमा म्हणतात, तोच शब्द भरतकामालाही आहे. चिरांतून थेंब ओघळतात, पांढऱ्या मातीवर पडतात, दोन-तीन आठवड्यांत कडक होतात मग गोळा करायचे. या थेंबांना अश्रू म्हणतात. इसिदोर नावाच्या संताला रोमन लोकांनी इथे मारलं तेव्हा झाडं रडली अशी गोष्ट आहे. वर्षभर मरमर करून एका झाडाला पाव किलोसुद्धा मिळत नाही बहुतेक वेळा, आणि पुढे हिवाळाभर बायका एकत्र बसून सुरीच्या टोकाने एकेक खडा साफ करतात. आम्हाला एका आजीबाईंनी करून दाखवलं. तांदूळ निवडायला बसलेल्या बाईचीच बैठक, तोच चष्मा नाकावर, तशाच गप्पा. फक्त भाषा कळत नव्हती, पण सुनेबद्दल चाललं होतं हे नक्की.

अजून बरंच आहे, गावं, किल्ले, एक भयंकर कत्तल. इथल्या जाणकारांनी भर घालावी म्हणून धागा काढला.

लिमलेट

मस्त! ते चिऑस ना? की कायोस? आमच्या शाळेच्या ॲटलासमध्ये चिऑस होतं.

मेतकूट_भात

तिथले लोक जे म्हणतात त्यातला पहिला आवाज ह आणि ख च्या मधला कुठेतरी आहे, घशात खवखव झाल्यासारखा. मी खिओस लिहितेय. इटालियन लोक शिओ म्हणायचे. तुम्ही चिऑस म्हणा, बेट रागावणार नाही.

इतिहासाचा_पेपर

चांगला धागा. या बेटाचा जो भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो म्हणजे हे बेट दोनशेहून जास्त वर्षं एका कंपनीच्या मालकीचं होतं. राजाच्या नाही, कंपनीच्या.

झालं असं की 1346 मध्ये जेनोवा या व्यापारी नगरराज्याने आरमार उभं केलं, पण तिजोरीत खडखडाट, म्हणून गलबतांचा खर्च खाजगी मालकांनी केला. त्या आरमाराने सिमोने विन्योसोच्या हाताखाली खिओस जिंकलं. आता पैसे परत द्यायची वेळ आली तर जेनोवाकडे दमडी नाही. मग ठरलं की कर्ज फिटेपर्यंत बेटाचं उत्पन्न या मालकांनी घ्यायचं. कर्ज फिटलंच नाही! (आपल्याकडचं सावकारीत गहाण पडलेलं शेत आठवा.) या भागीदारांच्या मंडळीला माओना म्हणत, हिस्से विकले जात, वारशाने जात. पुढे भागीदारांनी आपापली आडनावं टाकून सगळ्यांनी मिळून एकच आडनाव घेतलं, जुस्तिनियानी. ईस्ट इंडिया कंपनी 1600 ची. म्हणजे तिच्या अडीचशे वर्षं आधी व्यापाऱ्यांच्या एका मंडळीने मुलूख चालवून दाखवला होता, आणि मुख्य धंदा हाच तुमच्या आजीच्या पुडीतला.

मस्तकीवर मक्तेदारी म्हणजे कडक. किती काढायची, कुणाला विकायची, काय भावाने, सगळं ठरलेलं. चोरी पकडली तर वजनाप्रमाणे शिक्षा, कान कापण्यापासून डाग देण्यापर्यंत आणि फार झालं तर फाशी. 1453 ला कॉन्स्टँटिनोपल पडलं तेव्हा तटावर लढणारा जो जोव्हानी जुस्तिनियानी, तो याच गोतावळ्यातला, जखमी होऊन खिओसकडे निघाला आणि तिथेच गेला असं सांगतात. शेवटी 1566 मध्ये उस्मानी आरमाराच्या पियाले पाशाने बेट घेतलं. माओना बुडाली, मस्तकीचा मक्ता चालूच, फक्त मालक बदलला.

लिमलेट

कोलंबस पण जेनोवाचाच ना? त्याचा काही संबंध?

इतिहासाचा_पेपर

आहे. अमेरिकेला जायच्या आधी तरुणपणी तो खिओसला जाऊन आलेला. आणि गंमत म्हणजे 1493 मध्ये पहिल्या सफरीवरून परतताना त्याने जे पत्र लिहिलं त्यात सोनं, मसाले, कापूस अशी आश्वासनं देताना मस्तकीही हवी तेवढी देतो म्हणून लिहिलंय, आणि ही आजपर्यंत फक्त ग्रीसमध्ये खिओस बेटावर मिळते, तिथलं सरकार वाट्टेल त्या भावाने विकतं, अशी तक्रारही. म्हणजे कॅरिबियनमधली झाडं बघून त्याला खिओस आठवत होतं. अर्थात मस्तकी काही मिळाली नाही.

बेटावर एका गावात कोलंबस आमचाच म्हणून दावा करणारे लोक आहेत, त्याकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

सोलकढी_स्ट्राँग

ती गावं कशी आहेत? फोटो टाका की.

मेतकूट_भात

फोटो टाकायला जमत नाहीये, साईज मोठी आहे म्हणतं. शब्दांत सांगते.

मेस्ता नावाचं गाव घ्या. गावाला वेगळी तटबंदी नाही, कडेची घरंच एकमेकांना चिकटून त्यांच्या मागच्या भिंतींचा तट झालाय. बाहेरच्या बाजूला खिडकी नाही. आत गल्ल्या इतक्या अरुंद आणि वळणांच्या की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकायचं, वरून कमानी, त्यामुळे दुपारीही अंधार आणि गारवा. मधोमध शेवटचा आसरा म्हणून बुरूज होता, आता तिथे चर्च आहे. सगळ्यांची धाबी जवळजवळ एका उंचीची, का तर चाचे गावात शिरले तर लोकांनी गच्चीवरून गच्चीवर पळत बुरुजापर्यंत जायचं. हे जेनोवावाल्यांनी बांधवून घेतलं. गावकऱ्यांच्या जिवाची काळजी की डिंक काढणाऱ्या हातांची, ते तुम्ही ठरवा. मला तिथे फिरताना सारखं वाटत होतं की हा किल्ला आहे का कोठार आहे, आणि माणसं राखणदार आहेत का मालाबरोबर कुलपात ठेवलेली आहेत.

पिर्गी नावाचं दुसरं गाव एकदम उलट, नटवं. घरांच्या भिंतींवर काळपट वाळूचा गिलावा, वर चुन्याचा पांढरा हात, आणि तो ओला असताना काट्याने खरवडून त्रिकोण, चौकटी, वर्तुळं. आख्खं गाव काळं-पांढरं, वारलीवाल्यांनी भूमितीची वही उघडली तर असं काहीतरी होईल. आणि त्या भिंतींवर सज्जातून वाळायला टांगलेल्या लालभडक टोमॅटोच्या माळा. तिथे मी खरंच तासभर नुसती बसले. नवरा कंटाळून कॉफी प्यायला गेला.

कासवछाप

कत्तलीचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गेलात तर देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराचं एक अवाढव्य चित्र आहे, चार मीटरच्या वर उंच, खिओसच्या कत्तलीचं. 1824 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं होतं. मी 2016 ला बघितलं तेव्हा लोक मोनालिसाकडे पळत होते आणि मी चुकून इथे थांबलो. समोर अर्धमेली माणसं बसलीत, कुणी लढत नाहीये, कुणी हीरो नाही, एक म्हातारी बाई वर कुठेतरी बघतेय आणि एक तान्हं पोर मेलेल्या आईला पिऊ बघतंय. युद्धाच्या चित्रात एवढी थकलेली माणसं मी पहिल्यांदा बघितली. चित्रकार स्वतः तिकडे कधी गेला नव्हता, पॅरिसमध्ये बसून काढलंय.

घडलं ते असं. 1821 मध्ये ग्रीकांचा स्वातंत्र्याचा उठाव सुरू झाला, पण खिओसवाल्यांनी त्यात उडी घेतली नाही. त्यांचं बरं चाललं होतं, सुलतानाकडून सवलती होत्या, कारभार बराचसा आपल्या हातात होता, घालवण्यासारखं खूप होतं. मग मार्च 1822 मध्ये शेजारच्या सामोस बेटावरून लोगोथेतिस नावाच्या पुढाऱ्याबरोबर काही हजार माणसं उतरली आणि म्हणाली उठाव झाला. तुर्की शिबंदी किल्ल्यात अडकली. एप्रिलमध्ये उस्मानी आरमारप्रमुख कारा अली आरमार घेऊन आला, सामोसवाले निघून गेले आणि पाठोपाठ जे झालं ते बेटाच्या लोकांवर. ओलीस ठेवलेल्या प्रतिष्ठितांना, धर्मगुरूंना फाशी. बेटावर लाखाच्या वर वस्ती होती, त्यातले 25 हजार मेले म्हणणारेही आहेत आणि 50 हजार म्हणणारेही, शिवाय सुमारे 45 हजार बायका-मुलं गुलाम म्हणून विकली गेली.

जूनमध्ये शेजारच्या प्सारा बेटाच्या कानारिसने रात्रीच्या अंधारात डांबर-दारू भरलेली पेटती नाव कारा अलीच्या मुख्य जहाजाला नेऊन अडकवली. रमजान संपल्याचा जल्लोष चालू होता जहाजावर. जहाज उडालं, कारा अली मेला, बरोबर शेकडो खलाशी आणि काही कैदीही गेले. हाच कानारिस पुढे ग्रीसचा पंतप्रधान झाला, एकदा नाही, बऱ्याचदा. त्याच्या पराक्रमाचा पोवाडा सगळे गातात, पण तोवर मस्तकीची गावं बऱ्यापैकी वाचलेली होती, कारण इस्तंबूलच्या जनान्याला मस्तकी लागायची, आणि जहाज उडाल्यावर सूड म्हणून त्यांच्यावरही पाळी आली. डिंकाने वाचवलेलं पेटत्या नावेने घालवलं. हे कुठल्या पुतळ्याखाली लिहिलेलं नसतं.

दीडशहाणा_०७

ह्या तुर्कांचं सगळं असंच, इतिहास काढला की...

कासवछाप

थांबा. त्याच्या आदल्या वर्षी, 1821 च्या शरदात, त्रिपोलित्सा शहर ग्रीकांनी घेतलं तेव्हा तिथल्या मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची कत्तल ग्रीकांनी केली होती, हजारोंची. त्याचं चित्र लूव्रमध्ये नाही. दोन्ही माहीत असलेलं बरं. धागा भलतीकडे नेऊ नका प्लीज.

मेतकूट_भात

+१. आणि आम्हाला त्या बोटीत चहा पाजणारा माणूस तुर्की होता, मस्तकी विकणारी बाई ग्रीक, आणि तिची आजी 1922 मध्ये समोरच्या किनाऱ्यावरून पळून इकडे आलेली. त्या वर्षी आशिया मायनरमधून लाखो ग्रीक निघाले, पुढच्या वर्षी लोझानच्या तहाने अदलाबदल पक्की झाली, इकडचे मुसलमान तिकडे तिकडचे ख्रिश्चन इकडे. ती बाई हाताने दाखवत होती, ते तिथे, आजीचं घर. दिसतं म्हणे दुर्बिणीतून. 2015 मध्ये त्याच पाण्यातून रबरी होड्यांतून सीरियाचे लोक आले.

गोदाकाठची

कत्तल आणि ही अदलाबदल यामुळेच खिओसचे लोक जगभर पांगले ना? मी वाचलं होतं की लंडनचे मोठे ग्रीक व्यापारी सगळे खिओसचे निर्वासित.

इतिहासाचा_पेपर

अर्धं बरोबर. पुष्कळ जण तसे गेले, पण व्यापारी घराणी आधीच बाहेर पडलेली होती. रॅली घराण्याची लंडनची पेढी 1818 च्या सुमाराची, म्हणजे कत्तलीच्या आधीची. भाऊबंद ओडेसात, मार्सेयमध्ये, इस्तंबूलमध्ये बसलेले. उलट म्हणता येईल की खिओसची बातमी युरोपभर इतक्या लवकर पसरली, वर्गण्या जमल्या, त्याला ही पांगलेली श्रीमंत माणसंही कारण होती. नंतर आलेल्या निर्वासितांना याच पेढ्यांनी कारकून म्हणून, जावई म्हणून सामावून घेतलं.

नांगरट

ओ थांबा थांबा थांबा. रॅली? म्हणजे रॅलिस? आमच्या फवारणीच्या डब्यावर असते ती?

इतिहासाचा_पेपर

हो, तीच. लिहिणारच होतो.

नांगरट

मी अकोला जिल्ह्यातला, कापूस लावतो, असाटाफ मारतो. माझ्या आजोबांच्या तोंडात "राली" हा शब्द होता, राली कंपनीची गाडी आली, रालीचा दलाल आला. मला वाटायचं कुणी मारवाडी शेठ असंल रालीराम वगैरे. आणि तुम्ही म्हणता ग्रीसचं बेट!! जरा इस्कटून सांगा.

इतिहासाचा_पेपर

सांगतो. खिओसच्या स्टेफानोस रॅलीचे पाच मुलगे, त्यातला पांडिया हा डोकेबाज. सुरुवात काळ्या समुद्राकडचा गहू, कापड, रेशीम यांच्या व्यापारापासून. 1851 मध्ये कलकत्त्याला शाखा, ताग आणि तेलबियांसाठी. मुंबईला 1861. आता तारीख बघा, 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईत कापसाच्या भावाने लोक वेडे झाले. खिओसच्या माणसांचा व्यापारातला वास पक्का, योग्य वेळी योग्य बंदरात. पुढे रेल्वे वऱ्हाडात पोचल्यावर या युरोपियन पेढ्या (रॅली, स्विस व्होल्कार्ट वगैरे) मुंबईत बसून राहिल्या नाहीत, गावच्या बाजारापर्यंत खरेदीला माणसं पाठवू लागल्या, मधले अडते टाळून. तुमच्या आजोबांच्या तोंडात शब्द आला तो तिथून.

साहेब लोक सुद्धा कित्येक वर्षं खिओसच्या घराण्यांतलेच आणायचे. 1930 च्या आसपास मंदीत रॅली ब्रदर्सनी इथला पसारा आवरला, 1948 मध्ये रॅलिस इंडिया कंपनी झाली, पुढे टाटांकडे गेली, आता कीटकनाशकं आणि बियाणं. मालकी केव्हाच बदलली, नाव तेवढं राहिलं.

सोलकढी_स्ट्राँग

आमच्याकडे रॅलीफॅन होता! टेबलफॅन, निळा, मान फिरताना कट्कट् वाजायचा. तो पण ह्यांचाच?

इतिहासाचा_पेपर

नाव तेच, हो.

नांगरट

माझं डोकं गरगरायला लागलं. तिकडे झाडाला चिरा मारून डिंक काढणारे, भाव दुसऱ्यानं ठरवायचा, दुसरीकडं विकला तर कान कापायचे. अन् त्याच बेटाचे लोक इकडं येऊन आमच्या कापसाचा भाव ठरवतेत. म्हणजे धडा चांगला शिकलेत म्हणा की. आमच्या आज्यानं रालीला कापूस दिला, मी रॅलिसकडून औषध घेतो, पैसा जाताना एकाच रस्त्यानं जातो बघा.

अवांतर, मस्तकीवाल्या शेतकऱ्यांचं आता काय? भाव मिळतो का?

मेतकूट_भात

1938 पासून त्यांची उत्पादकांची सहकारी संस्था आहे, सगळा माल तिच्यामार्फत. आपल्या साखर कारखान्यासारखं म्हणायला जाते पण कारखाना म्हटलं की तुम्ही लोक राजकारण काढाल. युरोपियन युनियनने 1997 मध्ये नावाला संरक्षण दिलं, म्हणजे खिओस मस्तकी दुसऱ्या कुणाला म्हणता येत नाही (आपला जीआय टॅग तसा), आणि 2014 मध्ये युनेस्कोने ही लागवडीची पद्धत वारसा म्हणून यादीत घेतली. 2012 च्या वणव्यात खूप झाडं जळाली, आणि नवं झाड चार-पाच वर्षं काही देत नाही, त्यामुळे तो फटका मोठा बसला. तरुण पोरं जहाजावर नाहीतर अथेन्सला. जहाजवाले तर इथले फार मोठे, शेजारचं इन्युसेस नावाचं चिमुकलं बेट आहे, तिथून निघालेल्या घराण्यांची जहाजं जगभर. निवडायला बसलेल्या सगळ्या बायका साठीच्या पुढच्या होत्या एवढं मी सांगू शकते.

गोदाकाठची

नांगरट यांच्या कान कापण्यावरून आठवलं. हे बेट प्राचीन काळात गुलामांसाठी बदनाम होतं. थुसिडिडिस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने लिहिलंय की स्पार्टा सोडलं तर सगळ्यात जास्त गुलाम खिओसमध्ये. द्राक्षमळे, दारू (खिओसची वाइन प्राचीन जगात एक नंबर), त्याला राबायला माणसं विकत आणायची. पैसे देऊन परक्या माणसांना गुलाम करणारे पहिले ग्रीक म्हणजे हेच, असं तिथल्याच थिओपोम्पस नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. आणि दुसरीकडे ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला एक शिलालेख इथेच सापडलाय ज्यात लोकांच्या सभेचा, अपील ऐकणाऱ्या परिषदेचा उल्लेख आहे, म्हणजे लोकशाहीच्या अगदी पहिल्या खुणांपैकी एक. एकाच बेटावर दोन्ही.

पण मला सांगायची आहे ती द्रिमाकोसची गोष्ट. तुमच्यापैकी कुणी ऐकली नसेल.

द्रिमाकोस हा पळून डोंगरात गेलेला गुलाम. मागोमाग आणखी पळाले, त्याने टोळी बांधली, मळ्यांवर धाडी, बेटवाल्यांनी फौजा पाठवल्या त्या मार खाऊन परत. मग तो म्हणाला करार करू. तुमची गुलामगिरी असेपर्यंत आम्ही असणारच, तर मी ठराविक मापानेच तुमच्या कोठारातून नेईन, नेऊन झाल्यावर माझी मुद्रा मारून कोठार बंद करीन, म्हणजे दुसरं कुणी हात लावणार नाही. आणि जो गुलाम पळून येईल त्याची मी चौकशी करीन. खरोखर छळ झाला असेल तर ठेवून घेईन, उगाच पळाला असेल तर परत पाठवीन. मालक कबूल झाले! आणि गंमत म्हणजे पळणाऱ्यांची संख्या कमी झाली, कारण त्याच्या शिस्तीला मालकापेक्षा जास्त घाबरत.

तरी बेटवाल्यांनी त्याच्या डोक्यावर इनाम लावलंच. म्हातारा झाल्यावर त्याने आपल्या लाडक्या तरुण साथीदाराला बोलावलं, म्हणाला माझं जगून झालं, तू माझं डोकं काप, इनाम घे, आणि आपल्या मुलखात जाऊन सुखात राहा. तो नाही नाही म्हणाला, शेवटी ऐकलं. द्रिमाकोस गेल्यावर गुलामांना आवर घालणारं कुणी उरलं नाही, लूटमार वाढली, तेव्हा मालकांना त्याची किंमत कळली आणि त्यांनी त्याचं ठाणं बांधलं, कनवाळू वीर म्हणून. पळालेले गुलाम लुटीतला पहिला वाटा तिथे ठेवायचे. आणि मालकांच्याही स्वप्नात येऊन तो सांगायचा म्हणे, तुझे गुलाम काहीतरी शिजवतायत, सांभाळ.

दोन्ही बाजूंचा देव झाला.

दीडशहाणा_०७

हे भारी आहे. आपल्याकडे घाटात बंडखोराचं असं ठाणं असतं, एस.टी. ड्रायव्हर नारळ फोडतो, पोलीसही फोडतो.

कासवछाप

गोदाकाठची, जबरदस्त. गुलाम आणणारं बेट आणि 1822 ला तिथलेच 45 हजार इझमीर-इस्तंबूलच्या बाजारात. मला यातून न्याय वगैरे काही काढायचा नाही, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मळेवाल्याचा हिशेब 1822 मधल्या पोरीने का द्यायचा. पण डोक्यातून जात नाही.

लिमलेट

जरा हलकं काहीतरी सांगा बुवा, झोप उडाली.

मेतकूट_भात

हलकं घ्या. व्रोंताडोस नावाचं गाव आहे, तिथे दोन चर्च समोरासमोरच्या टेकड्यांवर. ईस्टरच्या रात्री आत प्रार्थना चालू आणि बाहेर दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या घंटाघरावर घरी बनवलेले रॉकेट सोडतात, हजारोंनी! नेम घंटेवर. जवळच्या घरांना आधी जाळ्या लावून ठेवायच्या. कोण जिंकलं हे दोघंही आपणच सांगतात त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा. अलीकडे बऱ्याच वेळा पोलिसांनी आवर घातलाय. आम्ही गेलो तेव्हा सप्टेंबर, त्यामुळे नुसते काळे पडलेले डाग बघितले भिंतीवर.

त्याच गावात समुद्राकाठी एक खडक आहे, गुरुजींचा दगड म्हणतात, तिथे बसून ग्रीकांचा आदिकवी होमर शिकवायचा म्हणे. खरं तर ते सिबेली देवीचं जुनं ठाणं असावं असं अभ्यासक म्हणतात. पण होमरवर दावा करणाऱ्या गावांत खिओसचा दावा अगदीच पोकळ नाही, कारण होमरचं काव्य गाणाऱ्यांचं एक घराणंच इथे होतं, होमरिदे, आणि अपोलोच्या एका जुन्या स्तोत्रात गाणारा म्हणतो मी खडकाळ खिओसमधला आंधळा. आमच्या टॅक्सीवाल्याला विचारलं खरंच होमर इथला का, तर म्हणाला, आंधळा होता ना, मग त्याला कसं कळणार कुठला ते.

आणि निया मोनी मठ चुकवू नका. अकराव्या शतकातला, बादशहा कॉन्स्टंटाइन मोनोमाखोसने बांधून दिलेला, आत सोनेरी जमिनीवरची मोझॅक. 1822 ला लुटला, जाळला, 1881 च्या भूकंपात घुमट कोसळला, तरी जे उरलंय ते बघून मान दुखेपर्यंत वर बघत राहिले. दाराजवळ एका कपाटात काचेमागे कवट्या रचलेल्या आहेत, कत्तलीतल्या. काहींवर कुऱ्हाडीची खूण दिसते. हलकं सांगायला बसले होते, सॉरी.

सोलकढी_स्ट्राँग

खायला काय करतात त्या मस्तकीचं? आणि इथे अस्सल कुठे मिळेल?

मेतकूट_भात

आइस्क्रीम, ब्रेड, लिकर, च्युइंगगम, टूथपेस्ट, काय विचारू नका. सगळ्यात आवडली ती पाणबुडी, म्हणजे मस्तकीच्या घट्ट पांढऱ्या पाकाचा एक चमचा गार पाण्याच्या ग्लासात बुडवून देतात, चमचा चाटायचा आणि पाणी प्यायचं. गुळाचा खडा आणि पाणी द्यायची आपली पद्धत आठवली.

इथे काष्ठौषधीच्या दुकानात, किंवा भेंडीबाजारातल्या अत्तारांकडे मिळते. पण मी परत आल्यावर पेठेतल्या एका दुकानात मागितली तर दुकानदाराने दोन डबे काढले, एक स्वस्त एक महाग. स्वस्तातली चावून बघितली तर पीठ झालं. खरी चावल्यावर पीठ होत नाही, गोळा होतो आणि होतच राहतो. त्याला म्हटलं ही मस्तकी नाही. तो म्हणाला, ताई, तुम्हाला रुमी पायजे का? मग आधी तसं सांगायचं.

नांगरट

काल बापाला हे सगळं वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं अन् विचारतो, त्या झाडाला बोंडअळी लागते का?